अंडी चिनी मातीची असल्याबाबत

ता. २ मार्च

आदरणीय विहीणबाईंस, नमस्कार.

प्रथम लिहून देणाराची ओळख देतो, म्हणजे हा मजकूर पुढे कोणी दुसऱ्याच्या नावावर खपवू नये. लिहून देणार: आपल्या सुनेचे वडील. घरात व गल्लीत तात्या म्हणून परिचित. कारखान्यात माझ्या पाठीमागे 'टिचकीतात्या' म्हणत, तेही मला ठाऊक आहे. वय वर्षे एकाहत्तर. शिक्षण इयत्ता चौथी, पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण. हुद्दा: चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखान्यात झिलई खात्याचा मुख्य तपासनीस, आता निवृत्त. माझ्या टिचकीखालून गेल्याशिवाय एकही बशी त्या दारातून बाहेर पडली नाही. खणकन वाजली तर पास, ठप्प वाजली तर फुटक्या मालाच्या टोपलीत.

हे पत्र तक्रारीचे आहे.

आपण काल पुन्हा पुन्हा फोन केलात. मी उचलला नाही व उचलणार नाही. फोनवर बोललेले हवेत जाते, आणि मागाहून माणूस म्हणतो, मी असे म्हटलेच नव्हते. कागदावरचे राहते.

आपले चिरंजीव माझ्या लेकीस बाळंतपणासाठी आपल्याकडे घेऊन आले, ते योग्यच झाले. आपली हयात प्रसूतिगृहात परिचारिका म्हणून गेली. इकडे लेकीच्या घरी राहणारा मी विधुर. मला चहापलीकडे काही येत नाही. परंतु जाताना त्यांनी परसातले पक्षी माझ्या गळ्यात बांधले, त्याविषयी लिहिणे भाग आहे.

पक्षी-उद्यानातील पिंजऱ्यांची राखण व साफसफाई ही त्यांची नोकरी. मी तीस कधी नावे ठेवली नाहीत, निदान त्यांच्या देखत नाही. पण उद्यानातील गर्दीत हे पक्षी अंडी घालीत नाहीत, म्हणून अधीक्षकांनी ते घरी पाळावयास द्यावेत आणि घर माझ्या लेकीचे असावे, हा कोणता न्याय? पक्ष्याचे नाव तिनामू. रंग वाळल्या पाचोळ्याचा, आकार तितराचा, स्वभाव चोराचा. मनुष्य दिसला की जागच्या जागी गोठतो. यांना उडता येते असे सांगतात. परवा दार जरा जोराने लागले, तेव्हा एक उडाला तो थेट भिंतीवर जाऊन थडकला, खाली पडला, आणि भिंतच आडवी आली अशा चेहऱ्याने उभा राहिला.

एकूण दोन आहेत. एक दिवसभर कोपऱ्यातल्या गवतात बसून असते, ती आई. दुसरा अंगाने थोराड, तो शिट्ट्या घालीत हिंडतो, तो बाप. बाईने बसावे आणि बुवाने शिट्ट्या माराव्या, ही जगाची रीत पक्ष्यांतही सुटलेली नाही.

जाळीपलीकडे तो इमू. पायाने अधू म्हणून उद्यानाने काढून टाकलेला. आपले चिरंजीव त्यास लंबूशेठ म्हणतात. या लंबूशेठने माझ्या कोटाचे पितळी बटण गिळले. कोट निवृत्तीच्या समारंभातला आहे. बटण परत मिळण्याची मी वाट पाहत आहे. कोणत्या मार्गाने मिळेल ते पत्रात लिहिण्यासारखे नाही.

शेवटची व मुख्य तक्रार. जाळीच्या दारावर पाटी लावलेली आहे: 'तात्या, कोपऱ्याकडे जाऊ नका. पाहू नका. हात लावू नका.' अक्षर एवढे मोठे की जणू मी बिगरीतला विद्यार्थी. हा अपमान कोणाच्या सल्ल्याने झाला, ते कळावे.

लेकीची प्रकृती कळवावी.

आपला,
तात्या


ता. ४ मार्च

व्याहीबुवा, नमस्कार.

पत्र पोचलं. सुनेला वाचून दाखवलं, ती पोट धरून हसली. दोन्ही हातांनी धरावं लागलं, एवढं पोट आहे आता. प्रकृती ठणठणीत. दिवस भरलेत, पण बाळाला घाई नाही. आईच्या वडिलांवर गेलंय, कोणाचं ऐकायचं नाही असं ठरवूनच बसलंय.

पाटी माझ्या सल्ल्यानं लागली. माझा मुलगा बारीक अक्षरात लिहिणार होता. मी म्हटलं, मोठं लिही. तुझ्या सासऱ्यांना वाचता उत्तम येतं, फक्त दुसऱ्याचं वाचलेलं पटत नाही.

आता चेष्टा पुरे, नीट वाचा. अधीक्षकांनी कबूल केलंय, की या अंड्यांतून पिल्लं निघाली तर उद्यानात उबवणीचं वेगळं घर बांधायचं आणि ते माझ्या मुलाच्या हाती द्यायचं. नाही निघाली तर ही जोडी दुसऱ्या उद्यानात जाणार, आणि याच्या हातात पुन्हा झाडू नि पाण्याची नळी. किती वर्षं पिंजरे धुतोय तो! या लाजऱ्या पाखरांनी अंडी घालावी म्हणून त्यानं परसात गवत लावलं, आडोसे केले, आठवडेच्या आठवडे घरात चपला घालून चालला नाही. तुम्ही म्हणायचात, जावई मांजरासारखा काय चालतो. त्यासाठी चालत होता.

कोपऱ्यात जे बसलंय त्याला बसू द्या. ते मधेच उठून चरायला जातं, तेव्हा तर मुळीच आत शिरू नका. दाणा-पाणी ठेवायचं आणि मागं फिरायचं. बटणाचं काय ते नंतर बघू.

आणि एक गंमत. लंबूशेठ आणि हे छोटे एकाच कुळातले भाऊबंद आहेत म्हणे. शहामृगसुद्धा त्यांच्यातलाच. थोरल्यांनी उडायचं सोडलं, धाकटे अजून भिंतीवर आपटून बघतात. पटत नाही ना? नात्यात उंची बघत नसतात. तुम्ही नाही का माझे व्याही झालात?

फोन उचला. सुनेला तुमचा आवाज ऐकायचाय.

तुमची विहीण


ता. ७ मार्च, दुपार

आदरणीय विहीणबाईंस, नमस्कार.

सोबत एक पार्सल आहे. ते प्रथम उघडू नये. प्रथम हे पत्र वाचावे.

आपल्या पत्राने माझ्या मनात संशय उत्पन्न झाला. ज्या वस्तूकडे 'पाहू नका' म्हणून दोनदा बजावतात, तिच्यात काहीतरी पाहण्यासारखे असते. चाळीस वर्षे तपासनीस होतो, विहीणबाई. जो पाठवणारा म्हणे की ही पेटी उघडून बघायची गरज नाही, त्याचीच पेटी मी आधी उघडीत असे.

आज सकाळी पक्षीण चरावयास उठली. मी आत गेलो. गवतात पाच अंडी होती. अंडी म्हणजे आकाराने अंडी. रंग जांभळट तपकिरी, एकसारखा, कोठे ठिपका नाही, डाग नाही. आणि चकाकी! साखरदाणीवर तीनदा झिलई चढवून पक्की भाजली तर येते तशी. माझा स्वतःचा चेहरा मला त्यात दिसला, मिशीसह. कोंबडीचे अंडे आपण पाहिले आहे, बदकाचे पाहिले आहे; त्यांवर देवाने कधी झिलई केलेली पाहिली आहे का? मी एकास टिचकी मारली. ते वाजले. मऊ वाजले, पण वाजले.

आमच्या कारखान्यात पूर्वी कोंबड्या पाळणाऱ्यांसाठी चिनी मातीची खोटी अंडी करीत असत. घरट्यात ठेवली की कोंबडीस वाटते, येथे अंडी घालण्याची चाल आहे, आणि तीही घालते. त्या मालाची तपासणीही मीच करीत असे. तेव्हा मला कोणी शिकवू नये.

निष्कर्ष एकच. ही अंडी चिनी मातीची आहेत. एकतर उद्यानातल्या कोणी हितशत्रूने आपल्या चिरंजीवांना फसवले आहे, किंवा (हे लिहिताना मला यातना होतात) आपले चिरंजीव अधीक्षकांना फसवीत आहेत. पहिले असेल तर मी जावयास वाचवले. दुसरे असेल तर माझ्या लेकीची अब्रू वाचवली. दोन्हीकडून मी माझे कर्तव्य केले आहे.

पाचही अंडी मी बाहेर काढली. चार माझ्याकडे आहेत. ती पाणी तापवायच्या टाकीच्या झाकणावर, गोधडीत गुंडाळून ठेवली आहेत. माल बनावट असला तरी झिलई प्रामाणिक आहे, आणि उबेतली झिलई एकदम गार झाली की तडकते. चांगल्या कामाची नासाडी मला पाहवत नाही. पाचवे पुराव्यादाखल दुपारच्या बसच्या चालकाकडे देत आहे. भुश्यात बांधले आहे. पृथ्वी उलटली तरी फुटणार नाही.

पक्षीण परत आली आणि रिकाम्या गवताभोवती फिरत राहिली. आता तिला मोकळे वाटत असावे.

आपला,
तात्या


ता. ७ मार्च, रात्र

तात्या,

पार्सल पोचलं. बांधणी उत्तम होती. फुटलं नाही.

माझ्या मुलानं ते हातात घेतलं आणि त्याचा चेहराच उतरला. मी म्हटलं, थांब, तात्यांना इतकी खात्री आहे तर असेलही. म्हणून मीच बशीच्या काठावर हलकेच आपटलं.

चिनी मातीतून रक्त येत नाही, तात्या. आत सगळ्या लाल शिरा होत्या आणि एक डोळा. मी या हातांनी अर्ध्या गावाचे जन्म केले, पण आज मला खाली बसावं लागलं. सुनेला मी आत येऊ दिलं नाही. माझा मुलगा बाहेर ओट्यावर जाऊन बसलाय.

तुमच्या शेजारच्या शिवणवाल्या बाईंना फोन करून तुमच्याकडे धाडलं. त्या दारातून ओरडल्या, तात्या, अंडी खरी आहेत! तर तुम्ही काय म्हणालात? 'बाई, आपण शिवण पाहा, झिलई मी पाहीन. काही म्हणणे असल्यास पत्राने कळवावे.' घ्या. कळवते. हे पत्र सकाळच्या पहिल्या बसनं येतंय आणि चालकाला सांगितलंय, दार उघडेपर्यंत हॉर्न वाजव.

ती उबेत ठेवलीत, एवढीच एक गोष्ट तुमच्या हातून बरी झाली, तीही चुकून. अजून जीव असेल तर त्या गोधडीमुळे असेल. आता वेळ घालवू नका. चारही अंडी होती तशी गवतात ठेवा आणि लांब व्हा. पाखरू येऊन बसलं तर देव पावला. नाही बसलं तर पोटाची ऊब द्या, टाकी कधी गरम कधी गार होते. फिरवत राहा, एका कुशीवर ठेवू नका.

आणि ती 'पक्षीण' नाही. तो बाप आहे. शिट्ट्या मारत हिंडते ती आई. अंडी घालून ती मोकळी होते. उबवायचं, राखायचं, पिल्लं हिंडवायची, सगळं यांच्यात बाप्याच करतो. तुमचा लंबूशेठही त्याच जातीचा. उपाशीतापाशी तो अंडी धरून बसला होता, आणि तो घासभर खायला उठला तेवढ्यात तुम्ही ती उचललीत. वर म्हणता, मोकळं वाटत असेल.

माझा मुलगा तिकडे निघायचं म्हणतोय. इकडे सुनेला केव्हाही कळा लागतील. कसं करू मी? एका लेकराला सोडून दुसऱ्यांकडे धाव म्हणू?

विहीण


ता. ८ मार्च

आदरणीय विहीणबाईंस, नमस्कार.

आपले पत्र पोचले. हॉर्नही पोचला. संपूर्ण गल्लीस पोचला.

पत्र वाचून झाल्यावर मी एक अंडे विजेरीसमोर धरले. उत्तम कप दिव्यासमोर धरला की पलीकडच्या बोटाची सावली दिसते. पातळ मालाची ती परीक्षा आहे. बोट मी पलीकडे धरलेच नव्हते. सावली आत होती आणि ती हलली. चारही अंडी मी अशी पाहिली. दोहोंत हालचाल स्पष्ट आहे, एकात असावी, एकाविषयी खात्री देत नाही. ही परीक्षा मी आधी का केली नाही, असे आपण विचाराल. विचारू नये.

चूक झाली असे लिहिण्यास माझी हरकत नाही. तसे लिहिले आहे, असे समजावे.

आपल्या सांगण्याप्रमाणे अंडी गवतात ठेवली व शिवणवाल्या बाईंच्या खिडकीतून नजर ठेवली. तो पक्षी आला नाही. पलीकडच्या भिंतीशी उभा राहिला, मान ताठ, पाठ आमच्याकडे. बाई म्हणाल्या, "तात्या, तो रुसलाय. तुमच्यासारखा." मी म्हटले, "बाई, रुसणे वेगळे, विश्वास उडणे वेगळे." नंतर माझे मलाच ते फार वेळ ऐकू येत राहिले.

तेव्हा अंडी मी घेतली आहेत. गरम बंडीच्या आत, पोटाशी, वरून शाल, आणि शालीवरून बाईंनी कापडी पट्टा शिवून दिला आहे. शिवताना त्यांच्या तोंडातल्या टाचण्या हसून हसून दोनदा खाली पडल्या. मला वाकता येत नाही, खोकता येत नाही, शिंक आली तर नाक धरून बसावे लागते. अंघोळ बंद. दुपारची डुलकी खुर्चीत, तीही सावधपणे. चहा बाई आणून देतात. गल्लीतली मुले येऊन विचारून जातात, "तात्या, अजून बसलात?" मी उत्तर देत नाही. लंबूशेठ जाळीवरून मान काढून माझ्याकडे एकटक पाहतो. पूर्वी तो असे पाहत नसे. आपण लिहिलेत ते खरे असेल, तर त्याला माझी ओळख पटली असावी.

मनुष्याच्या अंगात किती ऊब असते, याचा मी आजवर हिशेब केला नव्हता. दर थोड्या वेळाने एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर ती फिरवावी लागतात. फिरवली. आता माझा हात बसला आहे.

हे पत्र लिहिण्याचे खरे कारण पुढे आहे. जावईबापूंनी तेथून हलू नये. त्यांचे पहिले मूल जन्मास येत आहे. त्या वेळी त्यांनी बसच्या खिडकीत बसून असू नये. त्यांना म्हणावे, ज्या कामासाठी आपण निघालात, त्या कामावर येथे मनुष्य बसलेला आहे. तो कामचुकार नाही. त्याच्या अकलेविषयी आपण काहीही म्हणा, त्याच्या हजेरीविषयी कोणी कधी बोट दाखवले नाही.

माझ्या लेकीस यातले काही सांगू नये.

आपला,
तात्या


ता. १० मार्च

व्याहीबुवा, नमस्कार.

मुलगी झाली. आज पहाटे. बाळ-बाळंतीण सुखरूप. वजन चांगलं, आवाज त्याहून चांगला. आमच्याकडच्या नि तुमच्याकडच्या सगळ्या मंडळींना पुरून उरेल अशी ओरडते.

तुमचं पत्र आलं तेव्हा माझा मुलगा पायात बूट घालून दारात उभा होता. मी तिथंच मोठ्यानं वाचलं. तो 'हजेरीविषयी' ऐकेपर्यंत तसाच उभा होता. मग खाली बसून बुटांच्या नाड्या सोडल्या. त्यानंतर सुनेपाशी बसला तो उठला नाही. रात्रभर हात धरून होता. दोनदा मी म्हटलं, अरे, बाजूला हो, मला जागा दे. इतकी वर्षं मी बाळंतपणं केली, बाप नेहमी बाहेर व्हरांड्यात असायचे, म्हणून मलाच सवय नाही.

सुनेला सांगू नका म्हणालात. तिला पार्सल आलं तेव्हाच कळलं होतं. तुमच्या सुतळीची गाठ ती लहानपणापासून ओळखते. कळा देता देता म्हणाली, "आई, तात्या खरंच उबवतायत?" आणि हसली. मग रडली. मग पुन्हा कळ आली.

माझ्या मुलाला विचारलं, सासऱ्यांना काय निरोप देऊ. आधी बाळाचं दुपटं सारखं केलं. मग म्हणाला, "अंडी दिवसातून चार-पाचदा फिरवायला सांग. हात कोरडे हवेत." दारापर्यंत जाऊन परत आला आणि म्हणाला, "खुर्चीत उशी घ्यायला सांग. त्यांची कंबर दुखते." एवढंच. रागावलाय तो. रागावू दे त्याला, त्याचा हक्क आहे.

आता अडचण. अधीक्षक तेरा तारखेला पाहणीला येणार आहेत. याला रजेवरून लवकर येता येणार नाही. ते येतील आणि बघतील, घरटं रिकामं, पाखरू भिंतीशी, आणि अंडी तुमच्या बंडीत. तेव्हा मी एक सुचवते. पाखरू आपणहून उठून गेलं, असं सांगा. लाजऱ्या पाखरांचा भरवसा नसतो, ते साहेबांनाही माहीत आहे. ते अंडी टाकून गेलं, तुम्ही वाचवलीत. तुमचं नाव राहील नि याचं घर होईल. कोणाचं काय जातंय? आयुष्यात पहिल्यांदा कोणाला खोटं बोल म्हणून सांगतेय, आणि तेही तुम्हाला. बघा माझी काय पाळी आली.

शिंक आली तर नाक धरू नका, कान बिघडतात. तोंड उघडून शिंका.

तुमची विहीण


ता. १४ मार्च

आदरणीय विहीणबाईंस, नमस्कार.

नातीच्या जन्माची वार्ता वाचून जो आनंद झाला, तो मला बसल्या जागी करावा लागला. बाईंनी गल्लीत साखर वाटली. मी खिडकीतून मान हलवली.

आपल्या सूचनेविषयी नंतर लिहितो. प्रथम काल घडले ते.

अधीक्षक सकाळी आले. मध्यमवयीन, गोरेगोमटे, हाती कागद अडकवलेली फळी. दारातूनच म्हणाले, "बसा, बसा, उठू नका."

मी म्हटले, "उठणार नाहीच."

ते जाळीपाशी जाऊन आले आणि म्हणाले, "नर तिकडे भिंतीशी उभा आहे. अंडी कुठे आहेत?"

"माझ्यापाशी आहेत."

"तुमच्यापाशी म्हणजे? कपाटात?"

शिवणवाल्या बाई दारातच होत्या. त्यांना राहवले नाही. "पोटाशी, साहेब. शालीत. आठवडा होत आला, आमचे तात्या बसलेत."

अधीक्षकांनी फळी टेबलावर ठेवली आणि खुर्ची ओढली. मी सर्व सांगितले. पाटी, टिचकी, झिलई, पार्सल, काही गाळले नाही. बशीवर फुटले तेही सांगितले. त्यांनी चष्मा काढून पुसला. "आजोबा, तुम्हाला ती खरोखर चिनी मातीची वाटली?"

"मला तात्या म्हणावे. आजोबा मी दहा तारखेपासून आहे, आणि एकाच व्यक्तीचा."

"बरं, तात्या. म्हणजे तुमच्या जावयानं एवढी दुर्मिळ जोडी अशा माणसाच्या—"

"थांबावे," मी म्हटले. "जावयांनी दारावर पाटी लावली होती. ती अजून तेथेच आहे, पाहून घ्यावी. अक्षर मोठे आहे. मी ती वाचली होती, समजली होती आणि मोडली. त्यांच्याकडून जेवढी खबरदारी मनुष्य घेऊ शकतो तेवढी घेतली गेली. घरात सासरा असणे हा काही कोणाचा निष्काळजीपणा नव्हे."

बाई म्हणाल्या, "हे मात्र अगदी खरं, साहेब."

अधीक्षक उठून पाटी वाचून आले. मनुष्य वाईट नाही. मग पेन काढून म्हणाले, "असं करू. नर घरट्यावरून आपणहून उठला, असं लिहितो. यांच्यात घडतं तसं. तुमचाही प्रश्न मिटेल, जावयाचाही मिटेल, मलाही वर उत्तरं द्यावी लागणार नाहीत."

म्हणजे आपण सुचवलेत तेच, विहीणबाई, आणि तेही सरकारी मनुष्याच्या तोंडून. मी नुसते गप्प बसायचे होते. आपल्या मुलाचे उबवणीचे घर माझ्या त्या गप्प बसण्यावर उभे राहणार होते, हे मला कळत होते. आपण माझ्यावर रागवाल, तेही कळत होते.

मी म्हटले, "असे लिहू नये. तो उठला नाही. तो पोट भरण्यापुरता गेला होता आणि परत आला होता. परत येऊन रिकाम्या जागेभोवती फिरत होता, मी पाहिले आहे. बापाने लेकरे टाकली, हे खोटे त्या पक्ष्याच्या नावावर चढवू नये. त्याला येऊन कागद खोडता येणार नाही. माझे नाव लिहा. मला लिहिता-वाचता येते."

अधीक्षक म्हणाले, "आणि मग वरून जोडी हलवा असा हुकूम आला तर?"

"तर तो हुकूम मला सांगावा, जावयास नको. मी त्यांच्या तोंडावर सांगेन." हे बोलताना माझा आवाज जरा हलला. तपासनिसाचा हलू नये, पण हलला.

याच वेळी माझ्या बंडीत आवाज झाला. आधी मला वाटले पोटातला असावा. सकाळपासून चहाच झाला होता. पुन्हा झाला. बारीक, ओला, चिवचिवही नव्हे. बाई ओरडल्या, "अगं बाई!" अधीक्षक गुडघ्यांवर बसले, माझ्या खुर्चीसमोर, त्यांच्या चांगल्या पाटलोणीसकट. शाल सोडली. एका अंड्यास भोक पडले होते आणि त्यातून एक चोच बाहेर पाहत होती. भोक आतूनच पडले होते. आम्ही कोणी काही केले नव्हते.

"उठवा मला," मी म्हटले. दोघांनी दोन्हीकडून धरले. मी चार पावलांसाठी किती वेळ घेतला, ते बाई सांगतील. जाळीच्या खोलीत जाऊन गवताशेजारी जमिनीवर बसलो. माझ्या गुडघ्यांनी जे म्हटले ते येथे लिहीत नाही. पिल्लू तोवर पूर्ण बाहेर आले होते. ओले, काळपट पट्ट्यांचे, डोळे उघडे. आमच्याकडे पाहून ते गप्प झाले. या पक्ष्यांची लाज उपजतच असते, असे दिसते.

भिंतीशी उभा असलेला तो वळला. त्याने एक हलका आवाज काढला. शिट्टी नव्हे, घशातल्या घशात, जसे मनुष्य झोपलेल्या लेकराशी बोलतो तसे. पिल्लाने ओ दिली. तो दोन पावले आला, थांबला, मला पाहून गोठला. मी श्वास रोखला. अधीक्षकांनी रोखला, बाईंनी रोखला. लंबूशेठने जाळीवरून मान वाढवली आणि तीही तशीच राहिली. कोणी हलले नाही.

मग तो आला. माझ्या शालीच्या टोकावर पाय ठेवून आला. पिल्लू धडपडत त्याच्या पिसांत शिरले. मी उरलेली तीन अंडी एकेक करून गवतात ठेवली. माझा हात त्याच्यापासून वीतभर होता आणि तो पळाला नाही. त्याने अंग फुगवले, पिल्लासकट त्या तिन्हींवर पसरला आणि डोळे अर्धे मिटले. मी कित्येक दिवस जे कसेबसे जमवत होतो, ते त्याने एका क्षणात केले. माझे पोट एकदम गार पडले. मी तसाच बसून राहिलो. उठणे कठीण होते, हे एक कारण.

संध्याकाळी दुसरे पिल्लू निघाले. उरलेल्या दोहोंत काही नाही, असे अधीक्षकांनी विजेरीने पाहून सांगितले. पाचव्याचे आपण जाणताच. दोन आली आणि तीन माझ्या हातून गेली, हे कागदावर असावे. जावईबापूंना तसे सांगावे. त्यांनी आल्यावर मला काय बोलायचे ते बोलावे. मी फोनसारखे टाळणार नाही.

निघताना अधीक्षकांनी मी सांगितले तसेच लिहिले. वाचून दाखवले. सही मी केली, पूर्ण. उबवणीचे घर होईल, असे ते म्हणाले, आणि ते जावईबापूंकडेच राहील. मात्र दारास कुलूप असेल, आणि किल्ली माझ्याकडे कधीही दिली जाणार नाही, ही अट लेखी घातली आहे. मी म्हटले, अट योग्य आहे. तपासनीस असतो तर मीच घातली असती.

नातीचा आवाज ऐकवायचा असल्यास आज सायंकाळी फोन करावा. मी उचलीन.

वरील सर्व हकीकत खरी असून ती माझ्या समक्ष घडली. पिल्लू बाहेर आले त्या वेळी हजर असलेले:

पक्षी-उद्यानाचे अधीक्षक, गुडघ्यांवर.
शेजारच्या शिवणवाल्या बाई, दारात.
लंबूशेठ इमू, जाळीपलीकडे.
लिहून देणार, जमिनीवर.
आणि पिल्लाचे वडील.